अडकलेल्या माणसाला ऐकू जाईल असे बोला : बफलोच्या वृत्तसंपादकांना खुले पत्र

प्रति,
वृत्तसंपादक,
बफलो आणि पश्चिम न्यूयॉर्क परिसरातील स्थानिक दूरचित्रवाणी वाहिन्या व रेडिओ केंद्रे

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी बफलोच्या उत्तरेकडील ॲमहर्स्ट या उपनगरात राहते आणि अनेक हिवाळ्यांपासून आपली नियमित प्रेक्षक व श्रोता आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. ते मराठीतही लिहिले, कारण बफलो विद्यापीठात दरवर्षी पुण्यामुंबईहून, नागपूर-नाशिकहून मुले-मुली येतात, आणि आयुष्यातले पहिले हिमवादळ ती याच शहरात पाहतात. आपल्या बातम्यांची सर्वाधिक गरज ज्यांना असते आणि ज्यांच्यापर्यंत त्या सर्वांत कमी पोहोचतात, त्या लोकांमध्ये त्यांचाही समावेश होतो. तेव्हा मी आपल्याकडे काय मागते आहे, हे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांनाही समजावे अशी इच्छा आहे.

मागणी एकच आहे. हिमवादळाचे वृत्तांकन वादळ पाहणाऱ्यांसाठी होते, ते वादळात अडकलेल्यांसाठी व्हावे.

डिसेंबर २०२२ चे वादळ आपण सर्वांनी अनुभवले आहे. राष्ट्रीय हवामान सेवेच्या बफलो कार्यालयाने कित्येक दिवस आधीपासून इशारे दिले होते आणि असे वादळ पिढीत एखादेच येते, असे स्पष्ट शब्दांत सांगितले होते. वाऱ्याचा वेग ताशी ३५ मैल किंवा अधिक आणि दृश्यमानता पाव मैलाहून कमी, अशी स्थिती सलग तीन तास टिकली की हवामान खाते त्याला ब्लिझार्ड म्हणते. बफलोच्या विमानतळावर ही स्थिती सलग ३७ तास टिकली. वादळ ओसरेपर्यंत तेथे सुमारे ५२ इंच बर्फ पडला होता. ईरी आणि नायगारा या दोन परगण्यांत मिळून ४७ माणसे गेली. त्यांतली काही रस्त्यात बर्फात गाडल्या गेलेल्या गाड्यांत गेली, काही पायी निघालेली वाटेतच कोसळली, काही वीज गेलेल्या थंडगार घरात गेली, काहींपर्यंत रुग्णवाहिका पोहोचू शकली नाही आणि काहींचे हृदय बर्फ उपसताना बंद पडले. शहराच्या हद्दीत गेलेल्यांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, ही गोष्ट लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाशी ताडून पाहिली तर मन अधिकच अस्वस्थ होते.

अंदाज चुकल्यामुळे हे घडले नाही. आपल्या हवामान निवेदकांनी जे सांगितले ते जवळजवळ तासाच्या हिशोबाने खरे ठरले, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानायलाच हवे. कित्येक निवेदक, तंत्रज्ञ आणि वार्ताहर सणाच्या दिवसांत घर सोडून काम करत राहिले, याचीही मला जाणीव आहे. माझा प्रश्न वादळ सुरू झाल्यानंतरच्या तासांविषयी आहे. वीज गेली, फोनची बॅटरी उतरू लागली, दार उघडेना, अशा घडीला घरातल्या माणसाला आपला आवाज ऐकू येत होता का, आणि येत असला तर त्या आवाजात त्याच्या उपयोगाचे किती होते?

अशा दिवसांतले टीव्हीचे दृश्य आपल्याला पाठ झाले आहे. वार्ताहर महामार्गाच्या कडेला उभा असतो, वारा त्याची टोपी उडवू पाहतो, तो फूटपट्टी बर्फात खुपसून दाखवतो आणि कुणीही घराबाहेर पडू नका असे बाहेर उभा राहून सांगतो. ते दृश्य सिअॅटल किंवा ह्यूस्टनमधल्या प्रेक्षकाला वादळाची कल्पना देते. परंतु बफलोलगतच्या चीकटोवागामधल्या माणसाला बाहेर बर्फ आहे हे सांगायला वार्ताहर लागत नाही. त्याला खिडकीतून दुसरे काहीच दिसत नसते. आपल्या गल्लीत वीज कधी येणार, मधुमेहाचे औषध संपत आले तर कुणाला कळवायचे, घर गरम ठेवणारी फर्नेस (भट्टी) बंद पडली तर घरातल्या कोणत्या खोलीत सर्वांनी एकत्र बसायचे, हे त्याला हवे असते. स्थानिक वृत्तसंस्था आणि राष्ट्रीय वृत्तवाहिनी यांच्यात काही फरक असेल, तर तो याच ठिकाणी दिसायला हवा.

आता ऐकू येण्याचा प्रश्न. पूर्वी वीज गेली तरी टीव्ही पूर्ण मुका होत नसे. बॅटरीवर चालणारे छोटे संच घरोघरी असत आणि टीव्हीचा आवाज पकडणारे ट्रान्झिस्टरही बाजारात मिळत. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे जुने ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाले आणि ती सगळी उपकरणे एका रात्रीत निरुपयोगी ठरली. त्याच्या बदल्यात आपण आम्हांला ॲप आणि इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण दिले. हे सर्व राउटर, मोबाइल टॉवर आणि चार्ज केलेला फोन या तिन्हींवर अवलंबून आहे, आणि मोठ्या वादळात दगा देतात ती नेमकी हीच तीन. राहतो तो रेडिओ. दोन सेलवर चालणारा, सायीच्या वाटीएवढा ट्रान्झिस्टर कित्येक दिवस बोलत राहतो, आणि शेजारच्या दहा घरांत मिळून असा एक असला तरी पुरतो.

म्हणून माझी पहिली विनंती दूरचित्रवाणी वाहिन्यांना आहे. ब्लिझार्डचा इशारा लागू होताच आपला आवाज शहरातल्या एखाद्या रेडिओ केंद्रावरून जसाच्या तसा ऐकवण्याची व्यवस्था आधीच करून ठेवा आणि ते केंद्र कोणते, हे लोकांना पाठ होईपर्यंत सांगत राहा. त्याचबरोबर आपल्या निवेदकांनी अशा वेळी न पाहणाऱ्याला समजेल असे बोलायला हवे. 'नकाशावर हा जांभळा पट्टा पाहा' या वाक्याचा रेडिओवर ऐकणाऱ्याला काहीच उपयोग नसतो. 'बर्फाचा पट्टा सध्या मेन स्ट्रीटच्या दक्षिणेला आहे आणि तो उत्तरेकडे सरकतो आहे' या वाक्याचा असतो.

स्पर्धक कंपन्या असे एकत्र येणार नाहीत, असे कुणी म्हणेल. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले तेव्हा एरवी एकमेकांच्या श्रोत्यांवर डोळा ठेवून असणाऱ्या दोन मोठ्या रेडिओ कंपन्यांनी आपली माणसे आणि स्टुडिओ एकत्र केले, आणि डब्ल्यूडब्ल्यूएल या केंद्राच्या पत्रकारांसह एकच संयुक्त प्रसारण अनेक केंद्रांवरून चालवले. छपरांवर आणि पोटमाळ्यांवर अडकलेल्यांचे फोन त्या प्रसारणात घेतले गेले. न्यू ऑर्लिन्सला जे पूर आल्यावर सुचले, ते बफलोला हिवाळ्याआधी बसून ठरवता येईल. आपल्याकडे वादळ दर काही वर्षांनी येतेच.

दुसरी विनंती काय बोलावे याविषयी आहे, आणि इथे मी थोडी सविस्तर लिहिणार आहे. तासातले एक ठरावीक मिनिट राखून ठेवा. समजा, प्रत्येक तासाला दहा मिनिटे झाली की सर्व केंद्रांवर पाच मिनिटांचे निवेदन होईल. ज्याची बॅटरी संपत आली आहे तो दिवसभर संच चालू ठेवू शकत नाही. त्याला नेमकी वेळ ठाऊक असेल तर तो तेवढाच वेळ संच लावील आणि बंद करील. त्या पाच मिनिटांत मुलाखत नको, संगीत नको, वादळाचे वर्णनही नको. वाहनबंदी कोणत्या गावांत लागू आहे, कोणत्या भागात वीज नाही, कोणते वॉर्मिंग शेल्टर (उबेसाठीचे निवारा केंद्र) उघडे आहे आणि तिथे चालत जाणे सुरक्षित आहे की नाही, एवढे सांगावे आणि मग जीव वाचवणाऱ्या चार गोष्टी न कंटाळता पुन्हा सांगाव्यात.

त्या चार गोष्टी आपल्याला किरकोळ वाटत असतील, पण नवख्या माणसाला त्या कुठेच शिकवलेल्या नसतात. इथल्या बऱ्याच नव्या घरांत फर्नेसचा धूर छतावरून न जाता बाजूच्या भिंतीतून बाहेर काढलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीतून जातो. ती नळी जमिनीपासून फार उंच नसते, आणि वारा त्या भिंतीवर बर्फ रचू लागला की तासाभरात ती बुजू शकते. मग एक तर फर्नेस बंद पडते किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात मुरू लागतो. या वायूला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, मळमळते आणि माणूस झोपी जातो. गाडीचेही तसेच. बर्फात रुतलेल्या गाडीत ऊब यावी म्हणून इंजिन चालू ठेवले आणि सायलेन्सरचे तोंड बर्फाने बंद झाले, तर तोच वायू गाडीत भरतो. फोन चार्ज करायला बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू करून बसणे, गॅसचा ओव्हन पेटवून त्याचे दार उघडे ठेवणे, कोळशाची शेगडी आत आणणे, या युक्त्या गारठलेल्या माणसाला सहज सुचतात, आणि शेगडीवर हात शेकत वाढलेल्या आमच्यासारख्यांना तर त्यात धोका असेल असे वाटतही नाही. दर तासाला कुणीतरी शांत आवाजात 'भिंतीबाहेरची नळी बघा, गॅरेजमध्ये गाडी चालवू नका' असे म्हणाले, तर किती घरे वाचतील!

मुंबईकर वाचकांना इथे २६ जुलै २००५ आठवेल. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाण्यात अडकलेल्या बंद गाड्यांत काही माणसे गुदमरून गेली. गाडी सोडून केव्हा बाहेर पडावे आणि केव्हा आतच थांबावे, हे दोन्ही शहरांत कुणीतरी वेळेवर सांगायला हवे होते. पुरात गाडीत थांबणे घातक ठरते. हिमवादळात बहुधा गाडी सोडून चालू लागणे घातक ठरते, कारण दहा पावलांवर दिशा हरवते. एका देशात शिकलेले शहाणपण दुसऱ्या देशात उलटे पडते. म्हणून स्थानिक आवाजाचे महत्त्व नवख्यांना इतरांपेक्षा अधिक असते.

आता वाहनबंदीविषयी. बफलोच्या वादळात, शुक्रवारी २३ डिसेंबर २०२२ ला, ईरी परगण्याची बंदी सकाळी साडेनऊला लागू झाली, आणि तिची पूर्वसूचना एका तासाहूनही कमी वेळ आधी मिळाली. तोवर सकाळच्या पाळीची माणसे कामावर पोहोचलेली होती. न्यूयॉर्क विद्यापीठाने पुढे २०२३ मध्ये शहरासाठी केलेल्या अहवालातही या उशिरावर बोट ठेवले आहे. निर्णय प्रशासनाचा होता, आपला नव्हे, हे मान्य. परंतु इशारा कित्येक दिवस आधी हातात असताना 'बंदी केव्हा लावणार, आणि आजच का नाही' हा प्रश्न आदल्या संध्याकाळी प्रत्येक पत्रकार परिषदेत, उत्तर मिळेपर्यंत विचारणे हे काम आपले होते, आणि पुढेही आपलेच असेल.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. शाळा बंद असल्याची यादी वाचण्याची या भागातली परंपरा जुनी आणि प्रेमाची आहे. अमेरिकेच्या याच ईशान्य भागातल्या ऱ्होड आयलंड राज्यात डब्ल्यूपीआरओ रेडिओ केंद्राचे निवेदक सॉल्टी ब्राइन 'फॉस्टर-ग्लॉस्टरला शाळा नाही' हे ज्या सुरात म्हणत, तो सूर तिथल्या कित्येक पिढ्यांच्या कानांत अजून आहे. मुलांना घरी ठेवायला आपण दर हिवाळ्यात इतके तत्पर असतो. मग मोठ्यांसाठी अशी यादी का नको? कोणत्या दुकानांनी, गोदामांनी, कारखान्यांनी आणि शुश्रूषागृहांनी उद्याची पाळी रद्द केली आणि कोणी केली नाही, हे नावानिशी वाचून दाखवा. तासाच्या मजुरीवर काम करणारी बाई वादळात निघते ती धाडसापोटी नव्हे. न गेल्यास नोकरी जाईल या भीतीने निघते. तिच्या मालकाचे नाव 'अजून निर्णय नाही' या रकान्यात तासातासाला वाचले गेले, तर तो निर्णय लवकर होईल असा मला विश्वास वाटतो. विद्यापीठाच्या आजूबाजूच्या खानावळींत आणि पेट्रोल पंपांवर तासावारी काम करणाऱ्या मुलांनाही याचा तितकाच आधार होईल.

यापुढची विनंती करणे अवघड आहे. मदत येऊ शकत नसेल तेव्हा ते स्पष्ट सांगा. २०२२ च्या वादळात बचाव पथकांच्या गाड्याच रुतल्या, आणि शहराच्या व उपनगरांच्या मोठ्या भागात तातडीची सेवा पोहोचू शकत नाही असे प्रशासनाला जाहीर करावे लागले. ही बातमी सांगताना आवाज मऊ करण्याचा, 'पथके अथक परिश्रम करत आहेत' असे म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. पथके परिश्रम करत होतीच. परंतु तासाभरात कुणी येईल या आशेवर दाराशी बसलेला माणूस जी तयारी करत नाही, ती तयारी उद्या सकाळपर्यंत कुणीही येणार नाही हे कळल्यावर करतो. तो शेजाऱ्याचे दार ठोठावतो, सगळ्यांना एका खोलीत आणतो, खिडक्यांना गोधड्या लावतो. चीकटोवागामध्ये त्या रात्री एका माणसाने शाळेची काच फोडून अनोळखी लोकांना आत नेले आणि जाताना क्षमा मागणारी चिठ्ठी ठेवली. विल्यम्सविलजवळ एका कुटुंबाने दक्षिण कोरियाच्या अडकलेल्या पर्यटकांना घरात घेतले. या कथा आपण वादळ संपल्यावर कौतुकाने दाखवल्या आणि त्या जगभर गेल्या. वादळ चालू असताना 'दार उघडा, जवळच्यांना आत घ्या' हे आवाहन तितक्याच जोराने झाले असते, तर अशी आणखी दारे उघडली असती.

हे सर्व गावनिहाय सांगावे लागेल. बफलो ज्याच्या काठी आहे ते ईरी सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे लांबट पसरले आहे. वारा त्याच्या लांबीवरून वाहत आला की उबदार पाण्यावरची वाफ उचलतो आणि ती अरुंद पट्ट्यात ओततो. नोव्हेंबर २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या काही गावांत पाच फुटांहून अधिक बर्फ पडला, तेव्हा उत्तरेकडच्या उपनगरांत तो काही इंचच होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कमध्ये सहा फुटांहून अधिक साचला. अशा ठिकाणी 'बफलो परिसरात जोरदार बर्फवृष्टी' हे वाक्य कुणाच्याच कामाचे नाही. हॅम्बर्गचे हॅम्बर्गला सांगा, टोनावांडाचे टोनावांडाला.

आता रेडिओ केंद्रांच्या मालकांशी दोन शब्द. स्टुडिओत माणूस नसेल तर वरची एकही गोष्ट होणार नाही. जानेवारी २००२ मध्ये नॉर्थ डकोटातील मायनॉट येथे मध्यरात्रीनंतर रेल्वेचे डबे घसरून अमोनियाचा ढग शहरावर आला, तेव्हा गावातली सहा व्यावसायिक केंद्रे एकाच कंपनीकडे होती, आणि पोलिसांना स्टुडिओतल्या माणसाशी वेळेवर संपर्क साधता आला नाही. सूचनायंत्रणेतला दोष कुणाचा, यावर पुढे बराच वाद झाला. त्या वादात न पडताही एवढे म्हणता येते, की रात्री आधीच ध्वनिमुद्रित केलेला आवाज वाजवणारा संगणक पोलिसांचा फोन उचलत नाही. इशारा लागू होण्याआधी निवेदक आणि तंत्रज्ञ अंथरूण, जेवण आणि औषधे घेऊन केंद्रातच मुक्कामाला असावेत, आणि त्यांना त्याचा योग्य मोबदला मिळावा. एएम (मध्यम लहरींवरच्या) रेडिओविषयीही आपण गप्प बसू नये. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या यंत्रणेमुळे खरखर येते असे कारण देऊन काही मोटार कंपन्यांनी नव्या गाड्यांतून एएम काढून टाकला. फोर्डने तसे ठरवले होते, पण मे २०२३ मध्ये तो निर्णय मागे घेतला. बर्फात रुतलेल्या गाडीत बसलेल्या माणसाजवळ कधीकधी तेवढाच एक रेडिओ असतो.

शेवटी भाषेविषयी. पाच मिनिटांचे ते निवेदन स्पॅनिश, बंगाली, अरबी, बर्मी अशा या शहरात बोलल्या जाणाऱ्या भाषांत आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवता येईल, कारण नळी, गॅरेज, सायलेन्सर आणि ओव्हन यांविषयीचा मजकूर वादळागणिक बदलत नाही. मराठी आणि हिंदीचे ध्वनिमुद्रण करून द्यायला, तपासून द्यायला मी स्वतः तयार आहे, आणि इथल्या भारतीय विद्यार्थ्यांपर्यंत केंद्राचा क्रमांक आणि निवेदनाचे मिनिट पोहोचवण्याची जबाबदारीही घेते. ऑगस्टमध्ये मुले येतात तेव्हाच, तांदूळ आणि कुकरच्या यादीत बॅटरीवरचा एक ट्रान्झिस्टर लिहायला त्यांना सांगता येईल. मात्र तो कोणत्या केंद्रावर लावायचा, हे आपण ठरवल्याशिवाय मी त्यांना काय सांगू?

सरोवरावरचा पहिला पट्टा बहुधा नोव्हेंबरात येतो. त्याआधी, ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत, आपण सर्व केंद्रांनी परगण्याच्या आपत्कालीन विभागाला आणि हवामान सेवेच्या बफलो कार्यालयाला सोबत घेऊन एक बैठक घ्यावी, आणि संयुक्त प्रसारणाचे केंद्र व निवेदनाचे मिनिट जाहीर करावे. बैठक खुली असेल तर मी येईन.

कळावे,

आपली,
ॲमहर्स्ट, न्यूयॉर्क येथील एक श्रोता